शवगाडी खाली उतरली तेव्हा

ब्रश क्रीक, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, चर्च सुटल्यावर

तीर्थस्वरूप व्हर्नीताईस,

तुझ्या एकुलत्या उरलेल्या भावाचा, बर्लचा, जमेल तितकं वाकून नमस्कार. (गुडघा हल्ली फार वाकत नाही, तेव्हा राहिलेला नमस्कार तूच समजून घे.) तुझी कंबर कशी आहे? फ्लोरिडाच्या उन्हाने हाडांना आराम पडतो असं तू म्हणतेस, पण तसं असतं तर इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आम्ही पत्र्यावर वाळत घातलं असतं. तुझ्या लेकाला, डेलला आशीर्वाद सांग. त्याचं विम्याचं दुकान बरं चाललं असेल. आपल्या घराण्यात विमा विकणारा निघाला याचं मला अजून नवल वाटतं, कारण आधीच्या पिढीतल्या कुणाला विमा द्यायला कुठली कंपनी धजली नव्हती. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे जे उरलेत ते. हार्लन प्रॉप्स्ट गेला.

हार्लनकडे येतोच, पण त्याआधी परवाच्या फोनबद्दल. तू विचारलंस की तुझी नात रेलिन त्या शर्यतीच्या गाड्यांच्या कारखान्यात ऑफिसातच बसते ना, गाडीत नाही ना. त्यावर मी "ताई, तुझा आवाज येत नाही," म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता. हॉइटदाजींना पुरलं त्या दिवशी कबरीच्या कडेला उभी राहून, डेलला कडेवर घेऊन तू म्हणाली होतीस की या घरातलं कुणी पुन्हा शर्यतीच्या गाडीत बसलं तर मी त्याचं तोंड पाहणार नाही. तू बोललेलं मागे घेतल्याचं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, अगदी आईच्या केळ्यांच्या पुडिंगबद्दल बोललीस तेसुद्धा. आणि रेलिनला आजीवाचून चालत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण फोनवर नाही, पत्रातच, आणि माझ्या पद्धतीने. आधी हार्लन.

तुला आठवत असेल, हार्लन निशाणवाला. ब्रश क्रीकच्या ट्रॅकवर मचाणावर उभा राहून हिरवं, पिवळं, लाल निशाण दाखवणारा. आमच्या काळात आम्ही पोलिसांना जुमानत नव्हतो, पाद्र्यांना जुमानत नव्हतो, (तू रागावू नकोस, पण) बायकांनाही जुमानत नव्हतो. हार्लनच्या हातातल्या फडक्याला मात्र जुमानायचो. त्याच्या छातीने दगा दिला आणि तो झोपेतच गेला. आमच्यातला माणूस झोपेत गेला की आम्हाला जरा चोरट्यासारखंच वाटतं.

मधली कित्येक वर्षं ट्रॅकवर गवत माजलं होतं ते तू पाहिलंस. आता शहरातल्या पैसेवाल्यांनी तो पुन्हा उघडलाय. नवं डांबर, नवे दिवे, संडासाला दारं. पण शर्यती! ताई, तू पाहत नाहीस ते बरं आहे. आठवतं ना, आम्ही गाडी घरून चालवत न्यायचो, दिवे काढून ठेवायचो, दार कमरेच्या पट्ट्याने बांधायचो, शर्यत मारायचो, आणि दिवे परत बसवून त्याच गाडीतून दुसऱ्या दिवशी चर्चला जायचो. (आठवड्याच्या मधल्या रात्री ती गाडी आणखी काय वाहायची ते पाद्रीबाबाही जाणून होते, त्यांच्या घरी हातभट्टीची बरणी पोचायची.) आता गाड्या ट्रकमध्ये बसून येतात, जशा काही नवऱ्या मुली. सगळ्यांचा साचा एकच. दिवे आहेत, पण ते चिकटवलेलं चित्र. आमच्या गाडीत पायाशी पत्र्याला भोक असायचं, वर झाकण आणि झाकणाला साखळी. साखळी ओढायची आणि धावत्या गाडीतून वाकून बघायचं की टायर किती झिजलंय. आता टायरची खबर कॉम्प्युटर सांगतो, तीही चालकाला नाही, बाहेर हेडफोन लावून बसलेल्या कुणा इंजिनियरला.

आणि त्या चालकाचे लाड! दाजींची सीट मोडीतल्या स्कूलबसमधून आणली होती, मीच बोल्ट पिळले होते. आता सीट डोक्याच्या दोन्ही बाजूंनी वर येते, तान्ह्या बाळाचं डोकं आई धरते तशी. हेल्मेट खांद्याला पट्ट्यांनी बांधतात, मान हलायची सोय नाही. खिडकीला जाळी, कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी. एवढ्यावर थांबतील तर शपथ! वळणावरच्या सिमेंटच्या भिंतींनासुद्धा यांनी पुढून पोलाद आणि मागून फोमच्या गाद्या लावल्यात. भिंतीला गादी! आमच्या वेळी भिंत म्हणजे भिंत होती, आणि ती भिंत आहे हे ध्यानात ठेवूनच माणूस गाडी हाणायचा. आता शर्यत संपली की पोरं गाडीतून उतरतात, केस नीट करतात, गाडीवर जाहिरात लावणाऱ्या रंगवाल्यांचे, सोडावाल्यांचे, बिस्किटवाल्यांचे एका दमात आभार मानतात आणि ज्याने धक्का मारला त्याची माफी मागतात. लोनीने माझे दोन दात पाडले होते. त्याने आजवर माफी मागितलेली नाही, म्हणूनच आमची दोस्ती टिकली. (स्वयंपाकघरात आमचा जुना फोटो लावलाय, सगळे गाडीला टेकून उभे. त्यातले बरेच जण म्हातारे झालेच नाहीत. तेवढा एक भाग सोडला तर तो काळ फार चांगला होता.)

असो. तर काल हार्लनची शेवटची फेरी. आपल्याकडची रीत तू जाणतेसच: ट्रॅकवरचा माणूस गेला की शवगाडीतून त्याला एक फेरी द्यायची, मागे जुने चालक आपापल्या गाड्यांतून दोन-दोनच्या रांगेत, आणि पुढच्या रांगेतली आतली जागा त्याच्या नावाने मोकळी. मी माझी जुनी फोर्ड काढली. लोनीने त्याची काढली. ती त्याच्याइतकीच हलते. आमच्या सगळ्यांची वयं मिळून बायबलातला एखादा नऊशे वर्षांचा म्हातारा झाला असता. रांगेच्या शेवटी रेलिनच्या कारखान्यातून मान म्हणून एक नवी गाडी आली होती. चालक हेल्मेटमध्ये होता, ओळखू आला नाही.

पाद्री रॉयस माझ्या शेजारी बसले, मांडीवर बायबल. ठरलं असं होतं की शवगाडी फेरी पूर्ण करून शेवटच्या रेषेवर थांबेल, तिथे ते प्रार्थना म्हणतील आणि मग मैदानात सगळे तळलेली कोंबडी खातील. पण शवगाडीचा चालक होता शार्लट शहरातला, कोवळा, काळ्या टायमधला, शर्यत म्हणजे काय ते बापजन्मी न पाहिलेला. वळणावरच्या तिरक्या चढावर जाताच मागे पेटी घसरल्याचा आवाज आला म्हणे, आणि तो हबकला. चौथ्या वळणातून बाहेर पडताना त्याने टपावरचा लुकलुकणारा दिवा बंद केला आणि गाडी डावीकडे खाली, टायर बदलायला थांबतात त्या पिटच्या रस्त्यात घातली.

ताई, तूच सांग. जन्मभर आम्ही कशाची वाट बघत आलो? पुढच्या गाडीने दिवा बंद करून खाली उतरण्याची. ती उतरली म्हणजे शर्यत सुटली. कुणी काही ठरवलं नाही, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. माझ्या डोक्याला कळायच्या आत माझा पेडलवरचा पाय तळाला गेला होता. गुडघा दुखला नाही. शेजारून लोनी सुटला, मागून सगळे सुटले, आणि हार्लन एकटा पिटमध्ये राहिला.

मी लाजेने ब्रेक मारणार होतो, खरंच. पण पाद्रीबाबांनी बायबल मिटलं आणि म्हणाले, "बर्ल, लोनी आतली वाट अडवतोय बघ. बाहेरून घाल, बाहेरून!"

बाहेरून घातली. ती फेरी अख्खी आम्ही टेकून मारली, दाराला दार. लोनी खिडकीतून माझ्याकडे बघून हसत होता, कवळी न घालता. पुढच्या फेरीत तिसऱ्या वळणात त्याची गाडी गरकन फिरली आणि ट्रॅकच्या मधोमध आडवी झाली, त्याचं दार येणाऱ्यांच्या तोंडावर. मागच्यांनी त्याला चुकवलं. भिंतीला जरा खरचटलं. बाकी विशेष काही नाही.

तेवढ्यात हार्लनच्या बायकोने, नेलने, शवगाडीचं मागचं दार उघडलं, पेटीवर वाहिलेल्या निशाणांतलं लाल निशाण ओढून काढलं आणि शोकाच्या काळ्या कपड्यांत, काठी टेकत, मचाणावर चढून आमच्यावर फडकवलं. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. हार्लनच्या फडक्याला कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. खाली आल्यावर ती आमच्या ओळीसमोरून चालत गेली आणि म्हणाली, "मेल्यांनो, त्याला धड मरूसुद्धा दिलं नाहीत." मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की शर्ट भिजला. मध्येच विचारलं, "पुढे कोण होतं?" मी सांगितलं, लोनी. म्हणाली, "हार्लन म्हणायचाच, शेवटी लोनीच." मला वाईट वाटलं, पण ती वेळ वाद घालायची नव्हती.

मग प्रार्थना झाली. कोंबडी चांगली होती.

तर सांगायचं काय, नव्या शर्यतींत जीव नाही. आमच्या काळी होता. प्रकृतीला जप, ओलं डोकं घेऊन पंख्याखाली बसू नकोस.

तुझा कमी ऐकू येणारा भाऊ,
बर्ल

ता. क. पीचच्या मुरंब्याच्या बरण्या पाठवतोय. झाकण घट्ट आहे, डेलकडून उघडून घे.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. वर मी लिहिलंय की भिंतीला खरचटलं. ते रेलिनने. शेवटच्या गाडीत तीच होती. ती वर्षभर गाडीतच आहे, ताई, ऑफिसात ती फक्त जेवायला जाते. लोनी आडवा झाला तेव्हा तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, लोनीचं दार नाहीतर भिंत. तिने भिंत घेतली. तिसऱ्या वळणातली. दाजी गेले तीच जागा. त्यांच्यापेक्षा वेगात, मला वाटतं.

आवाज तोच होता. मी गाडीतून उतरलो. मला तो दिवस दिसायला लागला. आम्ही खिडकीपाशी उभे राहून हाका मारतोय आणि दाजी नुसते बसलेत, अंगावर ओरखडा नाही. दर शुक्रवारी तू टबात टाकणखाराचं पाणी करून त्यांचे कपडे बुडवायचीस, आग लागू नये म्हणून; दोरीवर ते फळीसारखे कडक वाळायचे आणि तुझ्या हातांना चिरा पडायच्या. त्या दिवशीही ते कपडे तसेच कडक, स्वच्छ होते. आग लागलीच नव्हती. मान मोडली होती.

काल मी तिथे उभा राहून देवाचं नावसुद्धा घेऊ शकलो नाही. आणि मग खिडकीची जाळी खाली पडली. हल्ली चालक शुद्धीत असला, धड असला, की जाळी आतून स्वतः सोडतो, म्हणजे लांबच्यांना कळतं. आमच्या वेळी जवळ जाऊन बघावं लागायचं. जाळी पडली, मग एक हात बाहेर आला, मग ती सगळी बाहेर आली, आणि पहिला प्रश्न काय, तर "लोनीआजोबांना लागलं नाही ना?" डॉक्टरने तपासलं. खांद्यावर पट्ट्याचा वळ आहे, बाकी काही नाही. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून टोमॅटोचं सँडविच खात होती आणि मी आत न्हाणीघरात नळ सोडून रडत होतो.

तेव्हा सीट, पट्टे, जाळी आणि गादीबद्दल मी वर जे काही लिहिलंय ते सगळं खोडलंय असं समज. लोनीला सांगू नकोस. ती गादी आमच्या वेळी असती तर दाजी आज तुझ्याशी त्या फ्लोरिडातल्या उन्हावरून भांडत असते.

शेवटचा ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच. तिने शर्यत सोडावी म्हणून मी सकाळी हातापाया पडलो, ती ऐकत नाही, तुझ्यावर गेलीये. शनिवारी तिची पहिली मोठी शर्यत आहे, इथेच. तू शुक्रवारी ये. शर्यत बघू नकोस, ट्रॅककडे फिरकूसुद्धा नकोस. तिला फक्त तिचा आतला शर्ट एकदा तुझ्या हातून टाकणखाराच्या पाण्यात बुडवून हवाय. तिचं तोंड पाहायचं नसेल तर ती हेल्मेट घालून दारात उभी राहील म्हणते. मी तिला म्हटलं, अगं, तुझा सूट कंपनीचा आहे, आगीत टिकणारा, त्या पाण्याचा आता काही उपयोग नाही. ती म्हणाली, "माहीत आहे, बर्लआजोबा." टाकणखार आणून ठेवलाय. टब घासून अंगणात उन्हाला लावलाय.