टाकी वर आली

अल्लीपूर,
१२ ऑगस्ट २००६

रूपराव भाऊजींना,

वहिनीचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. आमच्या धाकट्या जाऊबाई विमलचे गुडघे कसे आहेत? सिंदी मेघेच्या तुमच्या पाइपच्या दुकानात फोन लागला म्हणतात, पण फोनवर बोलायची माझी हिंमत होत नाही, म्हणून पत्र. यंदा कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागली आहे. पांढरी गाय व्याली, कालवड झाली. पोळा तोंडावर आला. तुमचे दादा तसेच तापट, चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेतात.

भाऊजी, तुम्ही बांधलेला गावचा गोबरगॅस पुन्हा चालू झाला. एवढं वाचून पत्र बाजूला ठेवू नका.

जूनमध्ये वर्ध्याच्या एका संस्थेची दिपाली नावाची मुलगी आली. हवा तापवणारे वायू गावागावांतून कमी करायचे, हे तिचं काम. आम्हा बायांना देवळात बसवून तिने सांगितलं की खड्ड्यात कुजणाऱ्या शेणातून एक वायू सुटतो, डोळ्यांना दिसत नाही, पण वर जाऊन उष्णता धरून ठेवतो. तोच टाकीत अडवून शेगडीत जाळला तर आभाळ कमी तापतं आणि सरपणही वाचतं. मी जन्मभर शेण काढलं, गोवऱ्या थापल्या. आपल्या गोठ्याचा आभाळाशी संबंध आहे हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. घरी येऊन अंगणात किती तरी वेळ वर पाहत उभी होते.

मग तिने विचारलं, हा गोबरगॅस आधी बंद का पडला? तुमचे दादा लगेच म्हणाले, "बांधणाराच कच्चा होता." ती खड्ड्यात उतरली, भिंती ठोकून पाहिल्या आणि वर येऊन म्हणाली, "बांधकाम पक्कं आहे. आत जीवाणू असतात, तेच गॅस करतात. कोणी काही औषध टाकलं होतं का?"

तुम्हीही आठ वर्षांमागे भर सभेत हेच विचारलं होतं. महालक्ष्म्यांच्या दिवशी अकरा घरांतल्या शेगड्या विझल्या, पुरण अर्धं कच्चं राहिलं, आणि ज्याच्या तोंडी जे आलं ते लोक तुम्हाला बोलले. दादा म्हणाले, "तुह्यापाई घराची इज्जत गेली, निघ इथून." तुम्ही निघालात. मी पदर ओढून बसले होते.

आता लिहूनच टाकते. गॅसला त्या अकरा घरांचे संडासही जोडलेले होते ना. आमच्या भाऊजींच्या गॅसवर महालक्ष्म्यांचा नैवेद्य करीन, असं मी गावभर मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, आणि सण जवळ आला तसं संडासाच्या गॅसवर देवाचं शिजवायला मन धजेना. मग जाम गावच्या बाजारातून फिनाईलचे दोन मोठे कॅन आणले. पाच-सहा दिवस, सगळे वावरात गेले की, शेण कालवायच्या हौदात ओतत राहिले. वाटलं, आतून शुद्ध होईल. मी त्याला आंघोळ घालत होते, भाऊजी, आणि तो मरत होता.

तुम्ही सभेत विचारलं त्या क्षणी मला सगळं कळलं. तरी तोंड उघडलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होता, आई नव्हती, माझ्या हातच्या भाकरीवर वाढलात. तुमच्यापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली.

दिपालीनेही विचारलं तेव्हा मी पुन्हा गप्पच बसले.

गावाने खड्डा साफ केला, त्यावर उपडी बसणारी लोखंडी टाकी घासून काळी रंगवली, दुसऱ्या गावच्या चालू गॅसमधलं शेणपाणी विरजणासारखं आणून घातलं. तीन आठवडे काहीच नाही. परवा सकाळी पाहते तर टाकी वीतभर वर आलेली. तुम्हाला आठवतं, ते लोखंड बैलबंडीवरून उतरवायला दहा गडी लागले होते. ते आता शेणाच्या श्वासाने उचललं होतं. दुपारपर्यंत हातभर वर आलं. अख्खं गाव भोवती उभं. मी हात लावला तर ती पाण्यातल्या घागरीसारखी हलकी डोलत होती. साठीला आले, पण देव इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता, आणि मी त्यालाच शुद्ध करायला निघाले होते.

तिथेच सगळ्यांसमोर बोलून गेले, "बांधणारा कच्चा नव्हता. फिनाईल म्या ओतलतं."

तुमचे दादा तिथूनच वावरात निघून गेले. आज सकाळी त्यांनीच हे पाकीट आणून दिलं. म्हणाले, "लिही त्याले. मले लाज वाटून राह्यली, ते बी लिही. स्टँडवर घ्याले मी येतो म्हण."

दहा घरांत निळा जाळ पेटला. धूर नाही, काजळी नाही, भांड्याचं बूड कोरं. अकरावी शेगडी आपली, ती मी पेटवू दिली नाही. दिपाली रागावली, "काकू, तुमच्या एका घराचा धूर अजून वर जातोय." मी म्हटलं, "तो आमच्या भाऊजींच्या नावाचा हाय. त्यायले विचारजो."

महालक्ष्म्यांना अजून अठरा-वीस दिवस आहेत. या वेळी मी काही ओतणार नाही. तुम्ही येऊन शेगडीची चावी फिरवा, त्याच जाळावर मी पुरण चढवीन. नाही आलात तर चूल आहेच, आणि धुरात डोळे चोळत बसायची माझी तक्रार नाही.

वयाने मोठी म्हणून वर आशीर्वाद लिहिले. इथे खाली तुमच्या पाया पडते.

वच्छला