चार नंबरच्या दारातले दिवे

१८ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून आपण कंपनीवाले. निळा शर्ट, छातीवर 'संघपाल' अशी पट्टी, आणि खिशात ही नवी वही. आठ वर्षं लकडगंजात दुकानांची शटरं दुरुस्त केली. तिथं शटर अडकलं की मालक आधी लाथ मारायचा आणि मग मला फोन करायचा. इथं कळमेश्वरच्या एमआयडीसीत संत्र्यांचं शीतगृह आहे, गाड्या भरायला चार मोठी दारं आहेत आणि ती नीट, कुणाला इजा न करता चालली पाहिजेत, एवढंच माझं काम. कोराडीहून मोटरसायकलनं पाऊण तास लागतो. सरितानं डब्यात शिरा दिला होता.

दारं म्हणजे दोनेकशे किलोची पोलादी शटरं, मोटारीवर झपकन खाली येणारी. चौकटीच्या एका बाजूनं न दिसणारे किरण निघतात आणि समोरच्या बाजूला चार-चार बोटांच्या अंतरानं एकावर एक तीस दिवे आहेत. दारात कोणी असलं की त्याच्या उंचीएवढे दिवे खालून लाल होतात आणि उतरणारं शटर आपोआप वर जातं. सगळी जोडणी चौकटीच्या पायथ्याशी एका डबीत आहे, तिथं उंबऱ्यात उकिडवं बसूनच हात घालावा लागतो. म्हणून मी स्वतःचं लाल कुलूप आणलंय. आधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, मगच दाराखाली. 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणणाऱ्या माणसांचा मला राग येतो, हेही मी आज सगळ्यांना ऐकवून टाकलं.

झाडलोट करणाऱ्या ताराबाईंनी तेवढं हसून ऐकलं. उंच बाई, बरोबर माझ्याएवढ्या, त्यामुळे सरळ डोळ्यांत बघून थट्टा करतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

एक वाजता जेवणाचा भोंगा होतो आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून चारही दारं लावतात. आज चार नंबरचं अर्ध्यावर आलं आणि परत वर गेलं. दारात कोणी नव्हतं. दिवे मोजले, खालून बावीस लाल. म्हणजे साडेपाच फुटांचं कोणीतरी उभं असल्यासारखं. काचा पुसल्या, मिनिटभरानं दिवे विझले आणि दार लागलं. धूळ असणार.

२३ नोव्हेंबर, शनिवार

परत बावीस. मेन बंद करून दोन नंबरच्या दिव्यांच्या पट्ट्या चारला आणि चारच्या दोनला लावल्या. दोन नंबर शहाण्यासारखं चाललं. चार नंबरला एक वाजता पुन्हा बावीस.

मेन बंद केलं की चारही दारं थांबतात. माल पाठवण्याचं बघणारे ओमप्रकाशजी त्यावरून तापले. पुन्हा कामाच्या वेळेत मेनला हात लावायचा नाही, अशी तंबी मिळाली. माझी तीन महिन्यांची कच्ची नोकरी आहे, ऐकून घेतलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज दिवे लागलेले असताना हात आत घातला. गार नाही, गरम नाही, काही नाही. मूठभर पावडर उधळली, ती सरळ खाली पडली. दिवे मात्र बावीसच.

बाबांनी लहानपणापासून शिकवलंय, भूत-बीत काही नसतं, आधी तपास, मग बोल. म्हणून तपासलं. शेड उभी राहिल्यापासून लहानूकाका इथं पहारेकरी आहेत. या दारात कोण गेलं, असं त्यांना सरळच विचारलं. ते म्हणाले, "कोणीच नाही गा. मानूस सोड, कोनाचं बोट नाही चेंगरलं इथं. पयले तर इथं नुसतं कापसाचं वावर होतं."

मला हायसं वाटायला हवं होतं. घरी येईस्तोवर डोक्यात एकच चाललं होतं. इथं झालेलं काही नाही. मग दिवे दाखवतात ते अजून व्हायचं आहे का?

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बावीस नाहीत. सोळा. उभं होतं ते आता वाकलंय.

चौकटीवर बाविसाव्या दिव्याशी पेन्सिलनं रेघ मारली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिथं उभं केलं. हमाल सगळे बुटके, गाडीवाले उंच. ताराबाई उभ्या राहिल्या आणि रेघ बरोबर त्यांच्या डोक्याला टेकली. त्या म्हणाल्या, "काहून मोजून राहिले जी मले? पोलकं शिवता का?" सगळे हसले. उंबऱ्यातला पाला झाडायला त्या रोज वाकतात, मग तिथंच उकिडव्या बसतात.

२ डिसेंबर, सोमवार

सोळा. दार तीनदा परतलं, मग लागलं. बाहेर चार गाड्या खोळंबल्या. ओमप्रकाशजी म्हणाले, "दरवाजा चालू पाहिजे मले, कारण नको सांगू." डबीत तार टाकून दे म्हणाले, म्हणजे दिवे लागले तरी मोटार ऐकणार नाही. नाहीतर उद्यापासून येऊ नको.

मी तार टाकली. मेन बंद न करता, उंबऱ्यात बसून. वर सहीसुद्धा केली, 'दार सुरक्षित'. आता दार लागतं, कोणी खाली असो-नसो. मला माझी लाज वाटते.

३ डिसेंबर, मंगळवार

ताराबाईंना दाराखालून हलवलं. ओमप्रकाशजींना गळ घालून त्यांना दार लावायच्या बटणाचं काम दिलं. बटण आत, क्रेटच्या थप्प्यांमागे आहे, तिथून उंबरा दिसत नाही. त्यांना बजावलंय, भोंगा झाला की लगेच दाबा, बघायलासुद्धा दाराकडे येऊ नका. त्या वेळेच्या पक्क्या आहेत. भोंग्याच्या वेळी मी बाहेर उभा राहून कुणाला जवळ येऊ देत नाही.

आज दिवे बारा. ते खाली बसलंय.

४ डिसेंबर

बारा. आणि शटर त्या दिव्यांवरून खाली गेलं. एकेक करून विझले. आवाज काहीच नाही — मी मात्र कान झाकले होते.

५ डिसेंबर

जेवण जात नाही. ताराबाई सुरक्षित आहेत, रोज डोळ्यांनी बघतो. मग अजून कोण बसतं तिथं?

६ डिसेंबर

दीक्षाभूमीला जाऊन आलो. घरी सरिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नोकरी गेली तर जाऊ द्या, पण ती तार काढा. किती सोपं होतं. चार दिवस काढले मी.

७ डिसेंबर, शनिवार

गाडी आत्ताच गेली. दार मोकळं, ओमप्रकाशजी कळमेश्वरात बँकेत. मेनला हात लावला तर आरडाओरडा होईल. तार तेवढी काढायची — दोन मिनिटांचं काम आहे.

डबी उघडली. नेहमीसारखी आधी नोंद. आलो तेव्हा सगळे दिवे बंद होते. आता लागलेत. खालून बारा.

आज लवकर आलंय — नाही. मान खाली घातली, अकरा. वर केली, बारा.

हा मीच आहे.

उभा राहिलो तर बावीस — रेघेखाली मी सगळ्यांना उभं केलं, स्वतः एकदाही — डबी बघायला वाकलो ते सोळा — आणि आता वही मांडीवर घेऊन —

भोंगा. एक वाजला? ताराबाईंना आज सांगायचं राहि—