कुडोसवरून झालेला तमाशा

अक्का, चाकणहून शिवशरणचा शरणु शरणार्थ.

तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. अप्पांचा गुडघा कसा आहे?

परवा बंद पडलेलं मशीन मी चालू केलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "कुडोस, शिवशरण!" आपल्या कानडीत कुडी म्हणजे पी. मला वाटलं, प्यालास का म्हणतायत. डोकंच फिरलं. "साहेब, गळ्यात इष्टलिंग आहे, थेंबाला शिवत न्हाय म्या!"

ऑफिसातली श्रीदेवी हसू दाबत म्हणाली, "अहो, कुडोस म्हणजे शाब्बास! मोठं काम केल्यावरच म्हणतात." साहेबही हसले.

तेव्हापासून कामात लक्ष लागंना. श्रीदेवी लोहारा गावची आहे गं, आपल्यातलीच. मी कॉलेज सोडल्यापासून अप्पा माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून तूच लग्नाचा विषय काढ. पण त्यांचं जेवण झाल्यावर.

तुझा तापट भाऊ,
शिवशरण