माझ्या बाजूचा ब्रेक

२ जून, सोमवार

नाव माझंच निघालं! ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या संघटनेतून एक जण पाठवायचा होता, चिठ्ठ्या टाकल्या, आणि आली माझी. सहा सोमवार, दुपारी दोन ते पाच. विषय — आत्महत्या कशी रोखायची. हे म्हणाले, "तू? तू तर लोकांना गाडीत बसवून रडवतेस!" जिभेला हाड म्हणून नाही या माणसाच्या.

वाचनालयाच्या वरचा हॉल. आम्ही अकरा जण — एक सलूनवाले, औषधाच्या दुकानातली मुलगी, पोस्टमन, दोन शिक्षक, असेच बाकीचे. ज्यांच्याशी लोक सहज बोलतात असेच मुद्दाम निवडलेत म्हणे. शिकवणाऱ्या सिस्टर. मानसिक आजारांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढलीत त्यांनी. आवाज एकदम सपाट. म्हणाल्या, शंका आली तर सरळ विचारा, तो शब्द वापरून विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते नव्याने शिरत नाही. असलंच तर बाहेर यायला वाट मिळते.

बोलायला काय जातंय!

९ जून

जोड्या पाडून सराव. माझ्यासमोर सलूनवाले. त्यांनी खचलेल्या माणसाचं सोंग असं वठवलं की मीच घाबरले. मी विचारलं, "तसलं काही... मनात नाही ना तुमच्या?" सिस्टर मागेच उभ्या. "तसलं म्हणजे कसलं हो?" सगळे हसले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाकी दहा जणांना जमलं. माझ्याच घशात तो शब्द अडतो. का अडतो ते मला ठाऊक आहे. लिहीत नाही.

आणि माझा पाय! सलूनवाले बोलायला लागले की उजवा पाय फरशीवर दाबला जातो. एकोणीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून माझ्या बाजूचा ब्रेक दाबतेय, दुसरं काय होणार? सिस्टरांनी तेही पाहिलं. म्हणाल्या, "पायाचं सोडा. तोंडानेही तुम्ही तेच करता. माणूस अवघड जागी आला की त्याला थांबवता."

एवढं लागलं मला! 

११ जून

सकाळी साडेसातचे काका. बँकेतून रिटायर झालेले, सहासष्ट वर्षांचे. बुधवार-शुक्रवार येतात. घरची गाडी काकूंची. चाळीस वर्षं त्या चालवायच्या आणि काका शेजारी बसून रस्ता सांगायचे — चुकीचा! काकू जानेवारीत गेल्या. हॉस्पिटलात वचन घेतलं होतं, गाडी शिका म्हणून. म्हणून शिकताहेत. क्लच झटक्यात सोडतात, पण नजर चांगली आहे.

आज म्हणाले, "टेस्ट झाली, तिचा शब्द पाळला, की मी मोकळा." मी म्हटलं, मोकळे कसले, मग तर फिरायला सुरुवात! हसले नाहीत.

टेस्ट ८ जुलैला.

१३ जून

काकांनी सगळ्या कुंड्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. जुना कॅमेरा भाच्याला. गिअर बदलता बदलता सांगितलं. सिस्टरांच्या कागदावर तिसऱ्या ओळीत आहे — आवडीच्या वस्तू वाटून टाकणं. 

विचारलं नाही.

१६ जून

माणसाला धरून काय ठेवतं, त्यावर तीन तास. मोठ्या गोष्टी नसतात, असं सिस्टर म्हणतात. ठरलेली वेळ. वाट बघणारं कोणीतरी. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, ही भावना.

घरी येऊन काकांचा हिशोब मांडला. मुलगी परगावी, रविवारी फोन करते. मित्र, एक होते ते वारले. ठरलेली वेळ — बुधवार-शुक्रवार, साडेसात. म्हणजे मी! आणि ८ जुलैला तीही मीच बंद करणार. छान.

१८ जून

कानाखाली मारून घ्यावंसं वाटतंय. काका आपणहून म्हणाले, "बाई, घर फार मोठं झालंय हो. कधी कधी वाटतं की —" आणि मी ओरडले, "काका, सायकल! समोर बघा!"

सायकल होती. पण मधे दोन बसगाड्या मावल्या असत्या. काकांचं वाक्य तिथेच राहिलं. दिवसभर मीच माझ्यावर चिडलेली. भाजी करपवली आणि वर यांच्यावरच खेकसले.

२० जून

विचारलं.

शाळेमागच्या मैदानाशी गाडी उभी करायला लावली. इंजिन बंद. सीटवर मांडी घालून बसले, पाय ब्रेकवर जायलाच नको. म्हटलं, "काका, तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?" अख्खा शब्द आला. आवाज माझा वाटला नाही.

 त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हो," म्हणाले. टेस्टपर्यंत थांबले होते. वचन पुरं करायचं, आणि मग. पुढचं त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, मधे एक अक्षर बोलले नाही. फक्त रडले. इतकी, की त्यांनाच मला रुमाल द्यावा लागला! कोणी कोणाला सावरायचं?

मग म्हटलं, आज तुम्हाला एकटं सोडणार नाही. "बरं," म्हणाले, लहान मुलासारखं. सिस्टरांना फोन लावला, त्यांनी तासाभरात डॉक्टरांची वेळ मिळवली. मुलीला फोन काकांनी स्वतः केला. "ये गं," एवढंच म्हणाले. बाकीचे क्लास रद्द केले. ती रात्रीच्या गाडीने पोचली, मग मी घरी आले.

२३ जून

सिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं, टेस्ट पुढे ढकलू का? परिवहन कार्यालयात ओळख आहे माझी. वेळ पडली तर नापासही करवता येईल! सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, किती ब्रेक दाबाल? त्यांच्याशी बोला. त्यांच्या पाठीमागून काही करू नका."

मग माझ्या डोक्यात होतं ते सगळं काकांना सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "मला नापास करायला तुमची ओळख कशाला? माझा रिव्हर्स पुरेसा आहे!" टेस्ट द्यायचीच म्हणाले. डॉक्टरही हो म्हणाले, मुलगी सोबत असेल तर.

२ जुलै

मुलगी महिनाभर राहणार आहे. डॉक्टरांनी सांगितल्या त्या वस्तू तिने घरातून हलवल्या. दर बुधवारी दवाखाना, औषधं चालू. झोप लागते म्हणाले. शेजाऱ्यांनी एक कुंडी परत आणून दिली — वाळवून! काका भयंकर चिडलेत. त्यांना चिडलेलं बघून इतकं बरं वाटलं.

८ जुलै

पास!!

मी बाहेर बाकावर, त्यांची मुलगी शेजारी.  पास झाले तर काय, याचीच धास्ती. रिव्हर्सला एकदा अडले, मग निघाले. कागद घेऊन बाहेर आले. मी विचारलं, "आता?"

"आता माहीत नाही," म्हणाले. "उद्या डॉक्टर. शुक्रवारी तुम्ही."

"क्लास संपला की काका."

"क्लास संपला. शुक्रवार कुठे संपलाय?"

११ जुलै

साडेसातला दारात हॉर्न. काकांनी मला तळ्यापर्यंत नेलं, गाडी नीट कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुम्ही फार रडलात. तेव्हापासून डोक्यात आहे माझ्या. विचारतोच. तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?"

हो, म्हटलं. नऊ वर्षांपूर्वी यायचा. मार्चपासून पुन्हा येतोय. यांनाही माहीत नाही.

काका बसून राहिले. घरी सोडायला आले ते दारातून परत गेले नाहीत, मी यांना सगळं सांगेपर्यंत थांबले. उद्या दहाला डॉक्टर. हे येणार आहेत. गाडी काका चालवणार.