बायकोच्या बढतीसाठी मी काय काय केलं

१ मार्च, सकाळी
बायको आज परगावी गेली. कारखान्याचं ऑडिट, दहा दिवस. अकरा वर्षं एकाच फर्ममध्ये राबतेय. साहेब दर वर्षी 'बाईमाणसाची गैरसोय नको' म्हणून पुरुषांना बाहेरगावी धाडतात आणि मग बाहेरगावचा अनुभव म्हणून मॅनेजरही त्यांनाच करतात. यंदा ती भांडून निघाली.
संकल्प : घर मी सांभाळणार. तिला एकही फोन नाही.

२ मार्च
कुकरची शिट्टी सापडेना. एकच फोन केला. ती गोदामात पेट्या मोजत होती. आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून. शिट्टी कुकरवरच होती.

३ मार्च
चार फोन. पैकी दोन नुसते खुशालीचे, ते धरत नाही. आई म्हणाली, स्वयंपाकाचं मी बघते, तू एका जागी बस. बसवेना. गॅलरीत फेऱ्या मारल्या.

५ मार्च
धाकटीला वेळेवर शाळेत नेलं. रविवार निघाला. वॉचमन हसला. त्यात हसण्यासारखं काय आहे?

६ मार्च
ती फोन उचलत नाही. कामात इतकंही गुंतू नये माणसाने.

७ मार्च, दुपारी
नामी युक्ती. थेट तिच्या साहेबांनाच फोन लावला. म्हटलं, तिची चिंता नको. मुलीला ताप (नव्व्याण्णव), आईचे गुडघे धरलेत, पण मी एकटा सगळं ओढतोय आणि तिला कळूही दिलेलं नाही. साहेब हळहळले. बरं झालं सांगितलंत, म्हणाले. बढती पक्की.

११ मार्च
आली. दोन मोठ्या चुका पकडून आली. घर पाहून आईचे आभार मानले.

२० मार्च
बढती ज्युनिअरला. त्याला व्हाउचर तपासायला हिनेच शिकवलं होतं. साहेब तिला म्हणाले, घरी आजारपण, मिस्टर एकटे ओढतायत, यंदा तुमच्यावर भार नको. साहेबांनी माझ्या बोलण्याचा विपर्यास केला. तिला तसं समजावलं. ती धाकटीचा अभ्यास घ्यायला बसली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२ एप्रिल, संध्याकाळी
ती दुसऱ्या फर्ममध्ये अर्ज करतेय. फॉर्म टेबलावर होता म्हणून वाचला. घरच्या संपर्कासाठी आईचं नाव, आईचा नंबर. घरात धडधाकट नवरा असताना. कारण विचारलं.
"आई स्वतःहून कुणाला फोन करत नाहीत," म्हणाली.
मनाला फार लागलं. फॉर्मवर वरच नव्या फर्मचा नंबर छापलेला होता. मी उतरवून घेतला नाही. पाठ मात्र झालाय.