पाचू पोटात असताना

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात ना? माझी प्रकृती उत्तम आहे. किंबहुना मंगळवार ते गुरुवार ती आपल्या घराण्यात कुणाचीही नव्हती इतकी मौल्यवान होती, कारण माझ्या पोटात पाचू होता. कुणाकडून उलटसुलट कानावर येण्याआधी मीच अभिमानाने कळवतो.

आमच्या कारखान्यात मी दागिन्यांत खडे बसवतो आणि पलीकडच्या टेबलावरच्या बाई ते भिंगाखाली तपासतात, हे तुला ठाऊक आहेच. (त्यांच्याबद्दल मी मागच्या चार पत्रांत लिहिलंय असं तू म्हणतेस. मला तीनच आठवतात.) एका गिऱ्हाईक बाईंच्या अंगठीसाठी कोलंबियाच्या खाणीतला वाटाण्याएवढा पाचू आला. भिंगातून मान वर न करता बाईंनी सांगितलं, की पाचू सापाचे डोळे फोडतो, खोटं बोलणाऱ्यापुढे फिका पडतो, आणि जिभेखाली धरला तर माणसाला वाचा फुटते, असं जुने लोक मानत. मला त्यांच्याशी एका विषयावर बोलायचं होतं आणि दोन वर्षं शब्द फुटत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी खडा जिभेखाली ठेवला आणि त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

त्या म्हणाल्या, "बोला."

मी आवंढा गिळला. आवंढ्याबरोबर तोही गेला. वाचा मात्र फुटली. मी म्हणालो, "गिळला!"

दुसरी कुणी किंचाळली असती. यांनी पर्स उचलली आणि मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला, केळी खायला सांगितली आणि वाट पाहायला लावली. (पुढचा तपशील तुझ्या वयाचा मान राखून गाळतो.) गुरुवारी खडा धुऊन तराजूवर ठेवला तर वजनात तसूभरही फरक नाही! पण खडा उजेडात धरून मालकांनी कपाळाला हात लावला. आत भेगाच भेगा. मी त्यांचा खडा फोडला, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले.

तेव्हा बाई उठल्या. भेगा जन्मापासूनच्या आहेत, तेलाने झाकल्या होत्या, ते तेल यांच्या पोटात गेलं, आणि एकही भेग नसलेला पाचू हाती आला तर आधी काच म्हणून तपासावा, असं त्यांनी मालकांना तोंडावर सुनावलं. मग मीही बोललो, आत्या! जिभेखाली काही नसताना! म्हणालो, गिळणं ही माझी चूक, पण गिऱ्हाइकाला खडा आहे तसा दाखवू आणि तो मीच बसवीन. गिऱ्हाईक बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, आत बाग आहे म्हणाल्या, आणि अंगठी घेऊन गेल्या. (तो कुठून आला हे त्यांनी विचारलं. कोलंबियाहून, असं मी सांगितलं.)

तुझा,
खडेवाला भाचा

ता. क. नोकरी शाबूत आहे.

दुसरा ता. क. मूळ विषय राहूनच गेला. रविवारी येऊन बाईंना माझ्या वतीने तूच विचारशील का?

तिसरा ता. क., वेगळ्या हस्ताक्षरात: आत्याबाई, पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, तेही उघड्या पाकिटात. विचारायचं काम मी आजच उरकलं. त्यांनी मान डोलावली. तरी तुम्ही याच, नुसती मान डोलावली आहे, साक्षीला कुणीतरी हवं.