राईमो हाल्मेचे बावीस सेकंद

मंगळवार, ४ जून

राईमो हाल्मे आमच्या तांपेरे शहरात येतोय! शनिवारी, पुलाजवळच्या वाद्यांच्या दुकानात, सह्या द्यायला. पंचवीस वर्षांनी त्याचा बँड पुन्हा उभा राहतोय, महिनाअखेरीस इथेच मैदानावर कार्यक्रम. बातमी वाचली आणि बस चालवताना एक थांबा चुकलो. एका आजींनी छत्रीच्या मुठीने काच बडवली.

चौदाव्या वर्षापासून त्याच्या गिटारचे ते बावीस सेकंद वाजवतोय. कढईत लाह्या फुटाव्यात तसे सूर — आणि तरी एकेक सुटा, स्वच्छ! एक कॅसेट झिजली, दुसरी आणली. हातात बसायला मला सात वर्षं लागली. त्याला म्हणे एका सकाळीत सुचलं. असा हात देव एकालाच देतो.

शनिवार, ८ जून

भेटलो! नीट, क्रमाने लिहितो.

दोन तास रांग. जवळून पाहिला तर बराच म्हातारा दिसतो, मनगटं बारीक झालीत. दुकानदाराने माझी फिरकी घेतली, "हा ओस्मो. सहा नंबरची बस चालवतो आणि तुमचे बावीस सेकंद वाजवतो म्हणे!" रांग हसली. राईमोही हसला. भिंतीवरची गिटार काढून माझ्या हातात दिली. "होऊन जाऊ दे."

वाजवलं. एकही सूर सांडला नाही. टाळ्या पडल्या — राईमोच्या नाहीत. त्याचा चेहरा पांढराफटक. जवळ येऊन हळूच विचारलं, "हे तू हाताने वाजवलंस?"

मग काय पायाने? पण मी म्हणालो, "तुमचंच आहे. कॅसेटवरून शिकलो."

"आणखी कुणाला येतं?"

"माझ्या माहितीत नाही."

नंबर मागून घेतला. स्वतःहून! त्याच्या नजरेत कौतुक नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं. जाऊ दे, उगाच कशाला शंका काढायच्या.

सोमवार, १० जून

सकाळी डावी करंगळी पुन्हा तळव्यात मिटलेली. उजव्या हाताने उघडावी लागली.

बुधवार, १२ जून

आइलाकडे जेवायला. थोरली बहीण, त्यात हाडांच्या दवाखान्यात परिचारिका — तिच्यापासून काय लपणार! काटा हातातून दोनदा पडला, तशी ताट बाजूला सारून म्हणाली, "ओस्म्या, हात दाखव." दाबला, वाकवला. "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"गाढवा! डॉक्टरांना दाखवेपर्यंत गिटारला शिवायचं नाही. एक दिवस हे बोट मिटेल ते कायमचं. मग बस काय दातांनी चालवशील?"

हो हो म्हटलं. घरी येऊन दोन तास वाजवलं.

शनिवार, १५ जून

राईमोने तळ्याकाठच्या घरी बोलावलं होतं. वाफेची खोली, सौना, तापवून ठेवलेली. दोघेच. वाफेत बसूनही माझं अहो-जाहो चालूच. तो खेकसला, "उघड्या माणसाला कसलं रे अहो?"

सौनात खोटं बोलायचं नसतं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळतं. त्याने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते मी कधी वाजवलंच नाही."

"म्हणजे?"

"निम्म्या वेगाने वाजवलं. मग टेप दुप्पट वेगाने फिरवली. सगळेच करायचे तेव्हा. कुणी खुळा ते खरंच वाजवायला बसेल, हे आमच्या डोक्यात तरी आलं होतं का?"

तीस वर्षं! माणसाच्या हाताचं नव्हतंच ते! मला राग यायला हवा होता. आला नाही.

मग त्याचं मागणं. २९ तारखेला लोकांना ते बावीस सेकंद हवेतच. तो पुढे उभा राहून बोटं नाचवणार, मी स्पीकरच्या भिंतीमागे बसून वाजवणार. मी करंगळीचं सांगून टाकलं, आइला काय म्हणाली तेही. तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. वस्तू पारखून घ्यावी तसा.

"एकदाच, ओस्मो. तुझ्याशिवाय मला हात नाहीत."

देवानेच पदर पसरला तर नाही कसं म्हणायचं? हो म्हणालो.

शनिवार, २२ जून

मध्य-उन्हाळ्याचा सण. तळ्याकाठी सगळीकडे होळ्या पेटल्यात. आइलाचे चार फोन. उचलले नाहीत.

गुरुवार, २७ जून

तालीम. पाच वेळा वाजवलं. चौथ्यांदा असं जमलं की ड्रमवाला काठ्या खाली ठेवून उभा राहिला. राईमोने सगळं रेकॉर्ड करून घेतलं, "ऐकून बघू, कुठे चुकतंय का." पाचव्यांदा करंगळी अडली. त्याने ते पाहिलं. "बास आता," म्हणाला आणि स्वतः बर्फ आणून माझ्या हातावर धरला. राईमो हाल्मे! माझ्या हातावर! सांगू तरी कुणाला?

शनिवार, २९ जून

भर दुपार. मैदान गच्च. काळ्या पडद्यामागे मी.

पहिले दहा सेकंद छान गेले. मग कोपरापासून कळ आली — करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही मिटली. उघडेनात. संपलं! त्याची अब्रू मी घालवली, हेच डोक्यात.

पण सूर थांबले नाहीत. गिटार माझ्या मांडीवर गप्प पडलेली, आणि बाहेर ते चालूच! शेवटपर्यंत! लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्याने वाजवलं! माझा हात गेला तसं त्याने खरोखर, स्वतःच्या बोटांनी वाजवलं! मी पडद्यामागे हमसून हमसून रडलो. सात वर्षं घासून मला जे जमलं, ते त्याला ऐन वेळी जमलं. असा माणूस!

बोटं अजून मिटलेलीच आहेत. आइलाला अजून सांगितलं नाही. असू दे. हात सार्थकी लागला.

रविवार, ३० जून

राईमोचा फोन. हाताचं विचारलं नाही. सप्टेंबरपासून अकरा गावं ठरलीत. "तू यायची गरज नाही. गुरुवारचं चौथं रेकॉर्डिंग झकास आहे. कालही तेच लावलं होतं, तुझ्या गिटारचा आवाज बंद ठेवला होता."

"मग मला मागे बसवलं कशाला?"

"अरे, मशीन अडलं असतं तर?"